मीठ न वाढलेलं ताट

"ताट म्हणजे काय?" ढगे सरांनी विचारलं.

"प्रतीक्षा," हेमलता म्हणाली.

"ताटाभोवतीची रांगोळी?"

"स्त्रीच्या मर्यादा."

"सकाळी ते अन्न खाणारी गाय?"

"निसर्गाची..." ती अडखळली. "निसर्गाची माया."

"करुणा! माया घरच्यांवर असते, करुणा परक्यांवर. पुन्हा. ताट म्हणजे काय?"

मी मागच्या बाकावर प्रयोगवह्या तपासत बसले होते. मी रसायनशास्त्राची. पण कॉलेज सुटल्यावर एकट्या मुलीला कुणी सर शिकवणार असतील तर वर्गात एक बाई बसलीच पाहिजे, असा आमच्या प्राचार्यांचा नियम होता. बार्शीच्या त्या कॉलेजात मी नवीन होते आणि बाकीच्या बायकांना घरी जायची घाई असायची. म्हणून मी.

स्पर्धा रसग्रहणाची होती. अभिजात मराठी कथा घ्यायची आणि तिचा आशय, तिच्यातली प्रतीकं श्रोत्यांना उलगडून सांगायची. पहिल्या नंबराला सोलापूरच्या एका कॉलेजात बी. ए.पर्यंत मोफत शिक्षण आणि वसतिगृहात जागा. हेमलता बुरगुटे बारावी कलाशाखेत होती. "नंबर आला तर पुढं शिकणार, नाही आला तर घरी," असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आज बुधवार आहे असं सांगावं तितक्या साधेपणानं.

कथा त्यांच्या पाठ्यपुस्तकातलीच, फार जुनी. समुद्रकाठच्या एका घरातला मुलगा गलबतावर जातो आणि परत येत नाही. त्याची बायको रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर त्याचंही ताट वाढते. सगळे जेवून उठले की सासू म्हणते, "झाकून ठेव गं." सून झाकून ठेवते आणि सकाळी गाईला घालते. वर्षं जातात. एका संध्याकाळी सून ते ताट पालथं घालते, आणि कथा संपते.

मला त्या तासांना फार गोंधळल्यासारखं व्हायचं. आमच्याकडे चिन्हाचा अर्थ ठरलेला असतो. 'एच' म्हणजे हायड्रोजन. तो कुणाच्या मनःस्थितीप्रमाणे बदलत नाही. इथे रांगोळी मर्यादा का आणि शोभा का नाही, हे ठरवतं कोण?

"रोज एका माणसाचं जेवण गाईला?" मी एकदा न राहवून विचारलं होतं. "घरात तेवढं होतं का?"

"मॅडम, ते ताट खरं नाही. ते प्रतीक आहे."

"मग गाय काय खाते?"

हेमलता हसली. ढगे सरांनी खडू खाली ठेवला. "नाईकनवरे मॅडम, तुम्ही आपल्या वह्या तपासा बरं."

त्या दिवशी सरांना प्राचार्यांनी बोलावलं आणि आम्ही दोघीच उरलो. हेमलता पाठ केलेलं पुटपुटत होती. आवाजात काही नव्हतं. परवचा म्हणावा तसं.

"तुला स्वतःला काय वाटतं गं?" मी विचारलं. "ती ताट का वाढते?"

तिनं दाराकडे पाहिलं. "सासूला दिसावं म्हणून."

"म्हणजे?"

"ती वाट बघत नाही मॅडम. तो येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. सासूला ठाऊक नाही. ताट वाढलं नाही तर सासू विचारणार."

"हे कशावरून?"

आमच्या विषयात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो. तिला तो नवा असावा. तिनं पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"हे बघा. बाकीच्यांची पानं वाढताना काय लिहिलंय? आधी मीठ, मग लिंबू, मग कोशिंबीर. त्याच्या ताटात भात आहे, आमटी आहे, भाजी आहे. मीठ कुठंय? एवढ्या पानांत कुठंच नाही. जो जेवणारच नाही त्याला मीठ कशाला? सासूला लांबून भात दिसतो. मीठ थोडंच दिसतंय. आणि वाढताना ती दाराकडं एकदासुद्धा बघत नाही. सासूकडं बघते."

मी ती पानं पुन्हा वाचली. खरंच मीठ नव्हतं. मला एकदम प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटलं. इथे निरीक्षण होतं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष होता.

ढगे सर परत आले तेव्हा मीच त्यांना उत्साहानं सगळं सांगितलं. आधी त्यांनी मान हलवली. मग पुस्तक घेतलं. मग चष्मा पुसला आणि परत वाचलं.

"एकोणीस वर्षं शिकवतोय मी ही कथा," ते म्हणाले. "मीठ!" मग ते उठून फेऱ्या मारायला लागले. "हेमलता, हेच बोलायचं. बाकीची पोरं गाईडमधलंच बोलणार. ताट म्हणजे प्रतीक्षा, ताट म्हणजे प्रतीक्षा. परीक्षक झोपतील. तू मीठ काढलंस की जागे होतील. नंबर आपलाच!"

"नको सर," हेमलता म्हणाली. "मी तुमचंच बोलते."

"अगं, माझ्यानं नंबर येणार नाही!"

"नाही आला तरी चालेल."

ती दप्तर उचलून निघून गेली.

"आत्मविश्वास नाही," सर म्हणाले.

मला ते पटलं नाही. माझ्यासमोर पुस्तक ठेवताना तिचा हात जराही हलला नव्हता. पण दुसरं कारणही सुचेना.

स्पर्धेला पालकांची संमती लागायची, कारण नंबर आला तर मुलगी परगावी राहणार. "वडील ट्रक चालवतात, घरी नसतात," सर म्हणाले. "बायकामाणसांच्या घरात मी कुठं जाऊ? तुम्हीच जाऊन या."

म्हणून मी हेमलताबरोबर तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. ओट्यावर तिचे आजोबा बसलेले. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली.

"कोन बाई?"

"रसायनशास्त्र शिकवते मी. हेमलताच्या मराठीच्या स्पर्धेसाठी आलेय."

"रसायनवाल्या बाई मराठी शिकवत्यात? मग मराठीचा मास्तर काय करतो, साबण?"

"तात्या!" हेमलता ओरडली.

"आगं इचारलं फक्त. बसा बाई. ही रोज वाचून दाखवती मला ती गोष्ट. ताटाची. लई चांगली गोष्ट हाय. मी येनार हाय बरं का ऐकायला. म्होरं बसनार."

आत शिलाई मशीन थांबलं आणि हेमलताची आई बाहेर आली. बारीक अंगाची, भरभर बोलणारी. मी कामाचं सांगितलं.

"ह्यांना विचारून सांगते मॅडम. आज पहाटंच येऊन गेले. लगेच दुसरी खेप होती." मग आवाज जरा चढवून, पण ओट्याकडे न बघता, "तात्या, तुम्ही झोपला होता, म्हणून उठवलं नाही त्यांनी."

"व्हय व्हय," तात्या म्हणाले. "जेवला का दत्तू?"

"जेवले की. दोन भाकरी खाल्ल्या."

अंगणात दोरीवर पुरुषाचा एक शर्ट टाकला होता. नुकताच धुतलेला, पाणी ठिबकत होतं. खाली शहाबादी फरशीवर त्याचं थारोळं झालं होतं, आणि ते पाणी इतकं नितळ होतं की फरशीच्या रेघा दिसत होत्या. रात्रभर ट्रक चालवून आलेल्या माणसाचा शर्ट, आणि ना तेलाचा डाग, ना धूळ. बाई फार स्वच्छ पिळते, एवढंच मी मनात म्हटलं. पण ती नोंद काही केल्या मनातून पुसली जाईना.

दुसऱ्या दिवशी हेमलतानं निरोप दिला, "बाबा हो म्हणाले."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत गाठलं. "मला एकदा नीट सांग. मिठाचं का बोलायचं नाही?"

"तात्या पुढं बसणार आहेत."

"मग बसू देत की."

"ते ऐकतील."

"ऐकायलाच तर येतायत ना?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मीच पाठ न करता आलेली विद्यार्थिनी आहे. "मॅडम, तुम्हाला खरंच कळत नाही का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच कळत नव्हतं. पुन्हा विचारायला हवं होतं की गप्प बसायला, तेही कळत नव्हतं. ती परीक्षानळीच्या स्टँडवरून बोट फिरवत उभी राहिली.

"सोलापूरला जायचंय मला," ती शेवटी म्हणाली. "खूप जायचंय. पण असं नको."

स्पर्धा वाचनालयाच्या वरच्या सभागृहात होती. तात्यांना जिना चढवायला मी आणि हेमलता दोन बाजूंनी होतो. प्रत्येक पायरीला ते थांबत आणि वाचनालय बांधणाऱ्याचा उद्धार करत. आई आली नव्हती. तिला लग्नसराईतले ब्लाउज द्यायचे होते. सुरुवातीला परीक्षकांपैकी वयस्कर बाईंनी, निवृत्त प्राध्यापिका होत्या, नियम वाचले. वक्त्याला श्रोत्यांतून एक शब्द जरी सुचवला गेला तरी तो वक्ता बाद.

"मागल्या वर्षी एका पोराचा बाप खाली बसून ओठ हलवत होता," ढगे सर माझ्या कानात म्हणाले. "तो बाद झाला."

पहिला मुलगा उभा राहिला. "ताट हे प्रतीक्षेचं प्रतीक आहे." दुसरी मुलगी. "ताट हे अनंत प्रतीक्षेचं प्रतीक आहे." तिसरा म्हणाला की ताट गोल आहे, म्हणून ते कालचक्रही आहे. ढगे सरांनी कपाळाला हात लावला.

"किती येळ वाट बघायची हो हिनं?" तात्या हळूच, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मग हेमलता. तिनं सरांचंच सुरू केलं. प्रतीक्षा, रांगोळी, मर्यादा. शब्द बरोबर येत होते. परीक्षकांपैकी एकानं घड्याळ बघितलं. गाईपाशी आल्यावर ती थांबली. मला वाटलं, करुणा आठवत नाही. ती समोर, पहिल्या रांगेकडे बघत होती. तात्या मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून तिचा आवाज ऐकत होते.

"पण ह्या ताटात मीठ नाही," हेमलता म्हणाली.

वयस्कर बाईंनी मान वर केली.

ती बोलत गेली. आवाज बदलला होता. मीठ कुठे कुठे आहे आणि कुठे नाही, सून कुणाकडे बघते आणि कुणाकडे बघत नाही. "जो येणार आहे त्याच्यासाठी हे ताट नाहीच. जी घरात आहे तिच्यासाठी आहे. सासूला कळू नये म्हणून सून रोज स्वयंपाकात एक माणूस जास्त धरते. सासू म्हातारी आहे. तिला कळलं तर..."

पुढे तिला बोलता येईना. ओठ हलले, पण आवाज नाही. ढगे सरांचा श्वास मला ऐकू येत होता.

"सासूलाबी ठाव हुतं, पोरी," तात्या म्हणाले.

बाईंनी घंटा वाजवली. "श्रोत्यांनी कृपया बोलू नये."

"आवो पर ठावच हुतं तिला!" तात्या काठीवर जोर देऊन उभे राहिले. "बगा की पुस्तकात. रोज म्हनती झाकून ठेव, झाकून ठेव. इतक्या वर्सांत 'कुठं ऱ्हायला गं माझा ल्योक' आसं एकदा तरी म्हनलीय का? आई हाय ना ती? ठाव नसतं तर इचारलं नसतं?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ढगे सरांनी डोळे मिटून घेतले. मी स्टेजकडे पाहिलं. हेमलता हसत नव्हती. ती आजोबांकडे असं बघत होती की मलाच मान खाली घालावीशी वाटली.

"सासूलाही ठाऊक होतं," ती हळू म्हणाली, नमस्कार केला आणि खाली उतरली.

निकालाच्या वेळी वयस्कर बाई म्हणाल्या, "आजोबांचा मुद्दा मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. पण नियम नियम आहे." पहिला नंबर कालचक्राला मिळाला.

ढगे सर तात्यांना काही बोलले नाहीत. फक्त मला म्हणाले, "तुम्ही यांना घरी पोचवा," आणि सायकल घेऊन गेले.

आम्ही तिघं चालत निघालो. ऊन उतरलं होतं. तात्यांची काठी रस्त्यावर वाजत होती.

"कधीपासून?" हेमलतानं विचारलं.

"जाताना मलाच सांगून गेला त्यो," तात्या म्हणाले. "हुबळीला दुसरं घर केलंय म्हनला. आता येत न्हाई म्हनला. तू आन् तुझी आई निजला हुता."

"दोन वर्षं झाली, तात्या!"

"व्हय."

"आम्हाला क्लीनरनं येऊन सांगितलं. आई म्हणाली, तात्यांना कळू द्यायचं नाही. म्हाताऱ्याचा जीव जाईल म्हणाली. ती रोज बाबांचा शर्ट भिजवून दोरीवर घालते, तुम्हाला ठिबकणं ऐकू यावं म्हणून. रोज! आणि तुम्ही रोज विचारता, आला का, जेवला का!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तो नितळ पाण्याचा शर्ट आणि ते बिनमिठाचं ताट एका रेषेत आले. मी रस्त्यातच थांबले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग बोलला का नाही?" हेमलता रडत होती.

"बोललो आस्तो तर तुझी आई कशाला ऱ्हायली आस्ती?" तात्या म्हणाले. "नवराच न्हाई त्या घरात आंधळ्या सासऱ्याचं करत कोन बसतं? म्हायेरी गेली आस्ती तुला घिऊन. ग्येलीच पायजे हुती खरं तर. मी भ्यालो." काठी थांबली. "आज तू तिथं गप ऱ्हायलीस. माझ्यापायी. मग मला काय ऱ्हावलं न्हाई. त्यो नियम काय माझ्या ध्यानात न्हाई ऱ्हायला, पोरी. तुझा नंबर घालवला मी."

घर जवळ आलं. हेमलता डोळे पुसत म्हणाली, "आईला मी सांगते."

"न्हाई. माझं हाय ते. मी सांगतो."

ते भिंतीला हात लावत आत गेले. मशीन थांबलं. आम्ही ओट्याशी उभ्या राहिलो. आतून तात्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तोही बंद झाला. मला निघून जावंसं वाटत होतं, पण हेमलतानं माझं मनगट धरलं होतं.

आई दारात आली. गळ्यात टेप तसाच होता. मागे तात्या उभे होते, हात दोन्ही बाजूंना सोडून. ती आमच्याकडे न बघता त्यांच्याकडे वळली. मागे मी आले होते तेव्हा सासऱ्यांशी ती तोंड बाजूला करून बोलली होती. आता समोरासमोर होती.

"तुम्हाला ठाऊक होतं तर मला रोज संध्याकाळी विचारत का होता? आला का, जेवला का? मी रोज खोटं बोलायची, रोज! मला किती लागायचं माहितीय?"

तात्यांनी दोन्ही हात एकमेकांत धरले.

"तू सांगायचीस ना," ते म्हणाले. "दुसरं काय बोलनार हुतो आपन दोगं?"

याचा अर्थ काय घ्यायचा, मला समजेना. राग यावा असंच होतं ते. आणि तिला राग आलाच होता. दोन वर्षं त्या बाईला त्यांनी अडकवून ठेवलं होतं. दोन वर्षं ती त्यांना फसवत होती. यात कुणी कुणाला जपलं आणि कुणी कुणाला वापरलं, हे मला अजून वेगळं करता येत नाही, आणि वेगळं करणं हे तर माझं शिक्षण.

आईनं गळ्यातला टेप काढला, बोटांना गुंडाळला, परत सोडला.

"नंबर आला का?" तिनं मुलीला विचारलं.

"नाही."

"का?"

हेमलतानं तात्यांकडे पाहिलं. "असंच."

आईनं गल्लीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "मॅडम, नंबर नाही म्हणजे फी भरून घेतील का हो त्या कॉलेजात?"

"घेतील. मार्क चांगले आहेत तिचे."

"सोलापूरला माझी मावसबहीण चादरीच्या कारखान्यात आहे. कधीची बोलावतेय मला, काम आहे म्हणून. मी म्हणायची, घर सोडून कशी येऊ, मालक येतात-जातात." शेवटचे शब्द म्हणताना तिला स्वतःलाच विचित्र हसू आलं. "आता तिला कळवते. तिघांना पुरेल अशी खोली बघ म्हणून."

तिघांना? मी नकळत मोजलं. ती, हेमलता. हेमलतानंही मोजलं असावं, कारण माझ्या मनगटावरची तिची पकड एकदम सुटली.

तात्यांनी दाराची चौकट चाचपली आणि घट्ट धरून ठेवली.

"तळमजल्यावर बघ म्हनावं," ते म्हणाले. "मला जिनं चढवत न्हाईत."